मांजरीची सात घरं आणि आपलं एक खोकं

गेल्या काही वर्षांत शहरातल्या शिकल्यासवरल्या, प्राण्यांवर प्रेम करणाऱ्या माणसाने अपहरणाचा एक नवा प्रकार शोधून काढला आहे, आणि त्याला तो 'रेस्क्यू' म्हणतो. कृती सोपी आहे. पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीत, जिन्याखाली किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटमागे मांजरीची तीन-चार पिल्लं दिसतात. आई दिसत नाही. मग कोणीतरी बुटांचं खोकं आणतं, त्यात जुना टॉवेल घालतं, पिल्लं उचलतं, फोटो काढतं आणि ग्रूपवर टाकतं: "आईने टाकून दिलेली पिल्लं, अर्जंट अडॉप्शन." खाली जोडलेले हात, लाल बदाम, गॉड ब्लेस यू. पुढच्या आठवड्यात त्यातली बरीचशी पिल्लं मरतात. तो फोटो सहसा कोणी टाकत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे, की आईने ती टाकली नव्हती, लपवली होती. पिल्लं लपवणं आणि जागा बदलत राहणं हा मांजरीच्या आईपणातला सगळ्यात कष्टाचा भाग आहे. तो समजून न घेता केलेली दया पिल्लांच्या जिवावर उठते. आणि अशी दया करणाऱ्याला आपण जाब विचारत नाही, कारण त्याचा हेतू चांगला असतो.

मी प्राणिशास्त्राचा माणूस नाही. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत सर्व्हरच्या बाजूचं काम करतो. पण धंद्यामुळे एक गोष्ट जवळून बघितली आहे: बाहेरून गप्प दिसणारी सिस्टीम बंदच पडली आहे असं समजून कोणीतरी उत्साही माणूस ती 'रीस्टार्ट' करतो, आणि चालू असलेलं काम त्या क्षणी खरोखर बंद पडतं. घरट्यात शांत पडलेली, आई जवळ नसलेली पिल्लं ही अशीच गप्प दिसणारी, पण व्यवस्थित चालू असलेली गोष्ट आहे.

आधी पिल्लू म्हणजे काय ते बघू. मांजरीचा गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा. जन्मलेलं पिल्लू जेमतेम १०० ग्रॅमचं असतं, म्हणजे एका मध्यम बटाट्याएवढं. डोळे बंद, कान बंद. अंग गरम ठेवण्याची स्वतःची सोय जवळजवळ नाही. थंडीने कुडकुडणंसुद्धा त्याला पहिल्या दिवसांत जमत नाही. शी-शू आपली आपण होत नाही, आईने चाटून करवावी लागते. आई ते सगळं चाटून गिळून टाकते, म्हणून घरट्याला वास येत नाही. हे किळसवाणं वाटत असेल तर लक्षात घ्या, की वास म्हणजे पत्ता. कुत्र्याला, मुंगसाला, बोक्याला तो पत्ता मिळू नये यासाठी ती हे करते.

पिल्लाकडे मात्र एक गोष्ट पहिल्या दिवसापासून शाबूत असते, ती म्हणजे नाक. १९६०च्या दशकात न्यू यॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीमध्ये श्नायर्ला, रोझेनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरीच्या पिल्लांवर बरंच काम केलं. डोळे उघडायच्या आधीच, काही दिवसांचं पिल्लू नुसत्या वासावर आपला कोपरा ओळखतं आणि सरपटत तिकडे जातं, हे त्यांनी दाखवलं. त्याच सुमाराला आर. एफ. युअर या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी नोंदवलं, की पहिल्या काही दिवसांतच पिल्लं आपापलं स्तनाग्र ठरवून घेतात आणि अंधारात, गर्दीत, वासावर नेमकं तेच शोधतात. म्हणजे आपल्याला जो गोणपाटाचा मळका तुकडा दिसतो, तो त्या पिल्लाचा अख्खा नकाशा असतो. आपण त्याला उचलून, पुसून, स्वच्छ टॉवेलवर ठेवतो तेव्हा तो नकाशा फाडून टाकतो.

आता मांजर पिल्लं का हलवते ते बघू. याचं एकच उत्तर नाही.

पहिलं कारण बोका. बोका पिल्लं मारतो ही आपल्याकडे प्रत्येक आजीला ठाऊक असलेली गोष्ट; ती कल्पित नाही. पाँतिए आणि नातोली या दोघींनी १९९९ साली ग्रामीण भागातल्या मांजरांवर लिहिलेल्या शोधनिबंधाचा विषयच हा होता. पिल्लं मेली की मांजर लवकर पुन्हा माजावर येते, आणि नव्या बोक्याला आपला वंश वाढवायची संधी मिळते. सिंहांमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. म्हणजे मांजरीला आपली पिल्लं आपल्याच जातीपासून लपवायची असतात, आणि तो शत्रू तिच्याइतकाच चपळ असतो, तिच्याच वाटांनी फिरतो.

दुसरं कारण इतर शिकारी आणि आपण. घरट्याजवळ माणसांची वर्दळ वाढली, कोणी टॉर्च मारून बघून गेलं, मुलांनी चारदा हात घातला, की ती जागा तिच्या लेखी उघडी पडली.

तिसरं, पिसवा. पिसवेची अंडी जनावराच्या अंगावरून गळून अंथरुणात पडतात आणि काही आठवड्यांत तिथेच नवी पिढी तयार होते. १०० ग्रॅमच्या जिवाचं रक्त असतं किती? पिसवांमुळे लहान पिल्लं पंडुरोगाने मरतात हे कोणताही पशुवैद्य सांगेल. जुनं अंथरूण सोडून जाणं हा त्यावरचा एक जुना इलाज असणार.

चौथं, ऊन, पाऊस, ओल. पत्र्याखालची जागा फेब्रुवारीत उबदार असते आणि एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते.

पाचवं कारण वयाचं. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली, चालायला लागली, की उंचावरची अडचणीची जागा धोक्याची होते आणि आईला शिकार आणून द्यायलाही गैरसोयीची पडते. तेव्हा ती बरेचदा त्यांना खाली, मोकळ्या आणि अन्नाच्या जवळच्या जागी आणते.

ही हलवाहलव फुकट होत नाही. दूध पाजणाऱ्या मांजरीला एरवीपेक्षा कितीतरी जास्त खावं लागतं. घरट्यापासून लांब काढलेला प्रत्येक तास पिल्लांच्या उबेतून वजा होतो. आणि हलवताना ती एका वेळी एकच पिल्लू नेऊ शकते. चार पिल्लं म्हणजे चार फेऱ्या. शेवटचं नेल्यावरही ती बरेचदा एकदा रिकाम्या जागी येऊन बघून जाते. या फेऱ्यांच्या मधल्या वेळात एक-दोन पिल्लं नव्या जागी एकटी असतात, एक-दोन जुन्या जागी एकटी असतात. आपल्या 'रेस्क्यू'वाल्याला ती दिसतात ती नेमकी या वेळात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, मांजरीचं तोंडात; आणि तोंडात एका वेळी एकच मावतं. अर्धं सामान टेम्पोत चढलेलं असताना उरलेलं 'बेवारस' म्हणून कोणी उचलून नेलं, तर आपण त्याला काय म्हणू?

आमची आज्जी सांगली जिल्ह्यातल्या गावात राहायची. घरात माळा होता, बळद होतं, गोठ्यात वैरण होती, आणि दर वर्षी यातल्या कुठेतरी एखादी भाटी व्यायची. "हात लावू नगंस," आज्जी म्हणायची, "सात घरं फिरल्याबिगर डोळं न्हाईत उघडत." महाराष्ट्रभर थोड्याफार फरकाने ही समजूत आहे. कॉलेजात असताना विवेकवादी मित्रमंडळींत अशा गोष्टींची टिंगल व्हायची. डोळे उघडायला सात घरं कशाला हवीत? ते सात ते चौदा दिवसांत आपोआप उघडतात.

टिंगल बरोबर आहे, आणि अपुरी आहे. घरं बदलणं आणि डोळे उघडणं यांत कार्यकारणभाव नाही. दोन्ही गोष्टी त्याच आठवड्यांत घडतात एवढंच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तसं. सात हा आकडाही शब्दशः नाही, सप्तपदी आणि सात जन्मांच्या गोतावळ्यातला तो पाहुणा आहे. पण या समजुतीचा परिणाम काय होत होता ते बघा. घरातल्या पोरासोरांना एक नियम मिळत होता: मांजर पिल्लं हलवतेय म्हणजे काही बिघडलेलं नाही, हे असंच असतं, तू मधे पडू नकोस. कारण चुकीचं, सूचना अचूक. आम्ही शिकलेल्यांनी चुकीचं कारण फेकून दिलं आणि त्याबरोबर अचूक सूचनाही फेकली. मोकळ्या झालेल्या जागेत काय आलं? ३० सेकंदांची रील. पावसात भिजलेलं पिल्लू, करुण व्हायोलिन, ड्रायरने सुकवलेलं पिल्लू, बाटलीने दूध पिणारं पिल्लू. त्यात आई कुठेच नसते. आई दिसली तर गोष्टच बिघडते.

दुसरी एक समजूत मात्र खरोखर घातक आहे, आणि तिचा बंदोबस्त करायला हवा: "माणसाचा हात लागला की मांजर पिल्लाला घेत नाही." माणसांत वावरणारी मांजर निव्वळ माणसाच्या वासामुळे पिल्लं टाकत नाही. ती जागा बदलेल, पिल्लं टाकणार नाही. पण या समजुतीपायी काय होतं? कोणीतरी पिल्लू उचलतं, मग त्याला ही म्हण आठवते, आणि "आता हात लागलाच आहे, ती काही घेणार नाही" म्हणून तो ते घरी नेतो. परत जागेवर ठेवण्याची सोपी वाट तो स्वतःच बंद करतो.

सगळ्यात जास्त चीड मला येते ती भाषेची. "आईने टाकलं." "हिला मायाच नाही." "एका जागी थाऱ्यावर नाही ही." लपवणाऱ्या आईवर आपण हे शब्द कुठून आणतो? ज्या समाजात बाळंतिणीला दहा-बारा दिवस वेगळ्या, अंधाऱ्या, उबदार खोलीत ठेवायची पद्धत होती, जिथे बाहेरून आलेल्याने थेट बाळाजवळ जायचं नाही, बाळाला काजळाची तीट लावायची, पाचवीला सटवाई पुजायची, त्या समाजाला नवजात जीव लपवायचा असतो हे नव्याने समजवावं लागू नये. सटवाई ज्या षष्ठीदेवीचं रूप मानतात, तिचं वाहनच मांजर. आपल्या बाळाला नजर लागू नये म्हणून आपण तीट लावतो. मांजरीच्या बाळाला नजर लागू नये म्हणून ती माळा गाठते. आपण केलं की ती काळजी, आणि तिने केलं की चंचलपणा.

आपल्या तत्त्वज्ञानानेही हे नीट बघितलं होतं. मार्जारन्याय आणि मर्कटन्याय हे शब्द अनेकांनी कीर्तनात ऐकले असतील. माकडाचं पोर आईला स्वतः घट्ट धरतं; मांजरीचं पोर काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून नेते. रामानुजांच्या परंपरेत भक्ताने स्वतः प्रयत्न करायचे की सगळा भार देवावर टाकायचा, या वादात दोन पंथांनी ही दोन उदाहरणं वापरली. पिल्लाचं ते 'काहीच न करणं' हा शरीराचा एक प्रतिसाद आहे. मानेची कातडी धरली की पिल्लू अंग सैल सोडतं, पाय पोटाशी घेतं, ओरडणं थांबवतं. आईला पळता यावं म्हणून पिल्लाने केलेली ती मदतच म्हणायची. शरणागतीचं इतकं चांगलं उदाहरण ज्या प्राण्यात आपल्याला सापडलं, त्याच्या आईला आपण माया नाही म्हणतो.

आता एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या सोसायटीच्या पंपरूममध्ये एका मार्चमध्ये एक कबरी भाटी व्याली. चार पिल्लं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणाला तरी ती दिसली आणि ग्रूपवर आली. मी लिहिलं, की आई असणार, संध्याकाळपर्यंत थांबूया, लांबून बघूया. उत्तर आलं, "तुम्हाला मुलंबाळं नाहीत, तुम्हाला नाही कळायचं." चौथ्या मजल्यावरच्या एका ताईंनी दुपारीच पिल्लं घरी नेली. त्या वाईट नाहीत. रात्री दर दोन तासांनी उठून त्यांनी ड्रॉपरने पातळ केलेलं गाईचं दूध पाजलं. पण मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. ते पातळ केल्यावर उरतं काय? पिल्लांना जुलाब लागले. आठ दिवसांत तीन गेली. चौथं जगलं, आज गुबगुबीत आहे, आणि 'रेस्क्यू' यशस्वी झाल्याचा पुरावा म्हणून दाखवलं जातं.

भाटी तीन रात्री पंपरूमभोवती ओरडत फिरली. मांजरीला ऐकू किती येतं? हेफनर पती-पत्नींनी १९८५ साली मोजलं: साधारण ४८ हर्ट्झपासून ८५ किलोहर्ट्झपर्यंत. माणसाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते. तिची पिल्लं बंद दाराआड चौथ्या मजल्यावर होती. तिला काय ऐकू येत होतं आणि काय नव्हतं, याचा विचार मला त्या तीन रात्री करावासा वाटला नाही.

या प्रकरणात ज्यांना कोणीच काही विचारलं नाही ते म्हणजे आमचे वॉचमनकाका. चौथ्या दिवशी मी खाली गेलो तेव्हा ते म्हणाले, "सर, ती रोज येत होती की. रात्री दोनला येती, पहाटे जाती, दुपारी एकदा येती. मी बघतोय ना रोज." त्यांच्याकडे चार रात्रींची प्रत्यक्ष माहिती होती. ग्रूपवर ते नव्हते, कारण ग्रूप फ्लॅटधारकांचा. मांजर कधी येते-जाते हे ज्याला माहीत असतं तो वॉचमन, सफाईवाल्या मावशी, गाड्या धुणारा पोरगा; आणि निर्णय घेणारे आम्ही, जे त्या पंपरूममध्ये वर्षातून एकदा पाणी गेल्यावर डोकावतो. पिल्लं सापडली तर पहिला फोटो काढण्याआधी पहिला प्रश्न या माणसांना विचारा.

पुढचंही सांगतो, कारण हिशेब तिथे पुरा होतो. पिल्लं गेल्यामुळे ती भाटी लगेच माजावर आली आणि जूनमध्ये पुन्हा व्याली. या वेळी जागा मला आणि काकांना माहीत होती. आम्ही ती ग्रूपवर सांगितली नाही. तिने दोनदा घर बदललं. सहाव्या आठवड्यात तीन पिल्लं आपल्या पायांनी बाहेर आली, खाऊ लागली, माणसाळली, तिघांना घरं मिळाली आणि भाटीची नसबंदी झाली. दोन वेतं म्हणजे पुरावा नव्हे, हे मला समजतं. पण यातली कार्यकारणाची साखळी कोणत्याही पशुवैद्याला विचारून बघा.

आता आक्षेप.

"शहर धोक्याचं आहे. गाड्या, कुत्री. थांबलो आणि पिल्लू मेलं तर?" प्रश्न रास्त आहे. दोन्हीकडच्या चुकांची किंमत मांडून बघू. आई आहे, आणि तुम्ही नाही समजून पिल्लं उचललीत: तुम्ही त्यांची ऊब, दूध, चाटणं, त्या दुधातून मिळणारं रोगांपासूनचं संरक्षण सगळं एका झटक्यात काढून घेतलंत, आणि बदल्यात देताय ते माणसाचं कामचलाऊ संगोपन, ज्यात अनुभवी लोकांचीही पिल्लं मरतात. आई नाही, आणि तुम्ही आहे समजून काही तास थांबलात: तेवढ्या वेळात पिल्लं भुकेली होतील, ओरडतील, आणि त्या ओरडण्यावरूनच तुम्हाला खरं काय ते कळेल. पहिली चूक बहुतेकदा दुरुस्त होत नाही, दुसरी बहुतेकदा होते. अशा वेळी कोणत्या बाजूला झुकायचं, यासाठी इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही.

थांबणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. पोट भरलेली, उबदार, एकमेकांवर ढीग करून झोपलेली, अधूनमधून कुरकुरणारी पिल्लं म्हणजे आई आहे. गार पडलेली, सतत ओरडणारी, पोट खपाटीला गेलेली, मुंग्या लागलेली किंवा जखमी पिल्लं म्हणजे मदत हवी आहे, आणि ती ताबडतोब. आई गाडीखाली गेल्याचं कोणी बघितलं असेल तरीही ताबडतोब. यांपैकी काही नसेल तर निदान तीस-पस्तीस फूट लांब जा, चार-सहा तास लक्ष ठेवा. तुम्ही जवळ उभे असाल तर ती येणारच नाही. म्हणजे "आई येत नाहीये" या तुमच्या निरीक्षणाचं कारण तुम्ही स्वतः असाल. रात्रभर बसणं शक्य नसेल तर घरट्यापासून थोडं दूर चिमूटभर पीठ भुरभुरवा आणि सकाळी पावलं बघा. जवळपास, पण अगदी घरट्याला खेटून नाही, पाणी आणि खाणं ठेवा. आईला अन्नासाठी लांब जावं लागलं नाही तर तेवढा वेळ पिल्लांना मिळतो. खेटून ठेवलंत तर मुंग्या, कुत्री आणि बोके तुम्ही आमंत्रण देऊन बोलावलेत.

"पण मग मांजरं वाढतच जाणार." हा आक्षेप घेणाऱ्यांपैकी अर्धे जण खरोखर चिंतेत असतात आणि उरलेल्या अर्ध्यांना गोणी हवी असते. त्या दुसऱ्या अर्ध्यांना एवढंच सांगतो, की प्राण्याला उपाशी मरेल अशा परिस्थितीत नेऊन टाकणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव केला म्हणून तो गुन्हा राहत नाही असं नाही. पहिल्या अर्ध्यांना हिशेब सांगतो: पिल्लं काढून घेतली की आई लवकर माजावर येते. म्हणजे उचलण्याने संख्या कमी होत नाही, वेतं वाढतात. संख्या कमी करायची असेल तर पिल्लं खायला लागेपर्यंत थांबा आणि मग आईची नसबंदी करा. उशीर करू नका, कारण पाजती मांजरसुद्धा पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं उचलायला एक दुपार पुरते आणि फोटो छान येतो. नसबंदीला पिंजरा, पैसे, दवाखान्याची वेळ आणि ऑफिसमधून सुट्टी लागते, आणि फोटोत एक चिडलेली, पोट भादरलेली मांजर येते. म्हणून आपण पहिलं करतो.

तिसरा आक्षेप त्यातल्या त्यात वजनदार आहे: पिल्लं लहानपणी माणसांत आली नाहीत तर रानटी होतात, मग त्यांना घर मिळत नाही. हे खरं आहे. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी यावर काम केलं; दोन ते सात आठवडे या काळात माणसाच्या हाताळणीचा परिणाम सर्वांत जास्त होतो. पण यातून चार दिवसांच्या पिल्लाला उचला असं निघत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, आई आजूबाजूला असताना, तिच्या सवयीने, रोज थोडा वेळ जवळ जा असं निघतं. या कामाला आठवडे लागतात आणि त्याचं श्रेय आईबरोबर वाटून घ्यावं लागतं.

आपल्याकडे हे कोणाला जमणारच नाही असं म्हणायची सोय नाही, कारण पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर हे जमलेलं आहे, आणि तेही बिबट्यांच्या बाबतीत. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा धरणांच्या पाण्यावरचा उसाचा पट्टा. बिबट्याची मादी उसात पिल्लं घालते. लपायला जागा, वर्षभर न हलणारं छप्पर. हिवाळ्यात तोड सुरू झाली की हे घर कोयत्याखाली येतं आणि तोडणी कामगारांना सरीत बछडे सापडतात. पूर्वी अशी पिल्लं उचलली जात, आणि उचललेलं पिल्लू म्हणजे जन्मभराचा पिंजरा. आता वनखातं आणि माणिकडोहचं बिबट्या केंद्र चालवायला मदत करणारी वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था काय करतात? पिल्लं तपासतात, संध्याकाळी त्याच शेतात, सापडली त्याच जागी खोक्यात किंवा क्रेटमध्ये ठेवतात, कॅमेरा लावतात आणि सगळे मागे सरतात. अंधार पडल्यावर आई येते, एकेक पिल्लू मानेला धरून नवीन जागी नेते. असं एकदा नाही, पुष्कळदा झालेलं आहे.

त्या पट्ट्यात बिबट्याने माणसं मारली आहेत. तिथल्या शेतकऱ्याची भीती आणि राग दोन्ही खरे आहेत, आणि पिल्लं परत देण्याला विरोध करणाऱ्याला मी शहाणपण शिकवणार नाही. पण म्हणूनच हे उदाहरण आपल्याला जास्त लागू आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याच भागातल्या अभ्यासातून, २०११ साली छापलेल्या निबंधात, दाखवलं की बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडल्यानंतर माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. उचलून हलवणं हा उपाय वाटतो आणि प्रश्न होतो, हे तिथे जीव गमावून शिकावं लागलं. ज्या मजुराच्या पायाशी बछडा सापडतो आणि जिची आई पन्नास फुटांवरच्या उसात असू शकते, त्याला आपण सांगतो की मागे सर, आई येईल. आणि बाविसाव्या शतकाच्या गप्पा मारणाऱ्या आमच्या सोसायटीत, जिथे आईचं वजन तीन किलो आहे आणि ती फार तर ओरखडा काढेल, तिथे आम्हाला चार तास मागे सरता येत नाही.

नऊ-दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातल्या धान्याच्या कोठारांपाशी रानमांजर माणसाच्या शेजारी राहायला आलं. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या थडग्याशेजारी मांजर पुरलेलं सापडलं आहे. इतक्या वर्षांत त्याने आपल्याकडून उंदीर, ऊब आणि उरलंसुरलं घेतलं, पण पिल्लं वाढवायचं काम आपल्यावर कधी सोपवलं नाही. ते तिने स्वतःकडे ठेवलं, माळ्यावर, बळदात, पंपामागे, आपल्या घरात राहून आपल्यापासून लपवून. तिचा आपल्याबद्दलचा हा अंदाज चुकीचा होता असं म्हणायला आपण अजून तरी फारसं काही केलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पिल्लं दिसली, आई दिसली नाही आणि हात खोक्याकडे गेला, तर आधी वॉचमनला विचारा. मग लांब जाऊन बसा. फोन खिशात ठेवा. तिला यायला वेळ लागेल. चार जिवांचं दूध पोटात तयार करण्यासाठी ती कुठेतरी पोट भरत असेल.